याचं तोंड कुठलं?

कॉम्प्युटर दुरुस्त करायला कुणाकडे गेले की मी आधी मशीनकडे बघतच नसे. चप्पल काढायची, दिलेलं पाणी प्यायचं आणि घरातल्या माणसांकडे बघून विचारायचं, "लाइट गेली तेव्हा काय करत होतात?"

उत्तर ठरलेलं. "काही नाही."

नाशिकच्या कॉलेज रोडचे डॉक्टर असोत, पंचवटीतला पूजेच्या सामानाचा दुकानदार असो नाहीतर सिडकोतलं क्लासला जाणारं पोरगं असो, सगळ्यांचं हे एकच उत्तर. काही नाही, नुसता चालू होता. काही नाही हो, आपोआप झालं. मी तर हातसुद्धा लावला नाही. मग मी स्टुलावर बसायचे, मशीन चालू करायचे आणि पाचदहा मिनिटांत कळायचं की या "काही नाही"मध्ये गेम खेळणं, प्रिंटरची वायर ओढणं आणि रागाच्या भरात डब्याला थापड मारणं एवढं सगळं बसलेलं आहे. डॉक्टरकडे गेलेला माणूस निदान पोट दुखतंय हे तरी कबूल करतो. कॉम्प्युटरवाल्या बाईपुढे सगळे साधुसंत.

हा दोन हजार चार-पाचच्या सुमाराचा काळ. भारनियमन हा शब्द तेव्हा शेंबड्या पोरालाही पाठ होता. गावात लाइट कमी जायची, कडेच्या मळ्यांत जास्त. तिचं वेळापत्रक पेपरात छापून यायचं, लोक ते कापून भिंतीला चिकटवायचे, फक्त लाइटला ते कुणी वाचून दाखवलेलं नसायचं. आली की सगळ्या आळीतून "आली!" अशी आरोळी उठायची आणि पंखा, मिक्सर, पाण्याची मोटार, टीव्ही, सगळं एकदम चालू व्हायचं. त्या गर्दीत कॉम्प्युटरही.

आणि तो चालू व्हायला वेळ लावायचा. लावणारच. लाइट धाडकन गेली म्हणजे त्याला हातातलं काम तसंच टाकून पडावं लागलेलं असतं. पुन्हा उठला की तो आधी निळा पडदा लावून बसतो आणि काय अर्धवट राहिलं, काय सांडलं, हे कोपरान्कोपरा तपासतो. घाईत घराबाहेर पडलेली बाई परत आल्यावर आधी गॅस बघते, नळ बघते, तसंच ते. त्याला तेवढं करू द्यावं, की झालं. पण लोकांना दम कुठला? निळं दिसलं की घाबरून बटण दाबायचे. बंद. पुन्हा चालू, पुन्हा निळं, पुन्हा बटण. असा दिवसभर त्याचा छळ करून संध्याकाळी मला फोन यायचा, "मॅडम, कॉम्प्युटर लय स्लो झालाय, लाइटमुळे." नाचता येईना अंगण वाकडं. मी जायचे, तपासणी पुरी होऊ द्यायचे, चहा प्यायचे आणि चार शब्द सुनावून निघायचे. माझ्या सुनावण्याची गिऱ्हाइकांना सवय होती. मला वाटतं काहींना ते आवडायचंही.

मी कामाला चांगली होते. उगाच विनय दाखवत नाही. ज्याला हात लावला ते चालू केल्याशिवाय मी उठत नसे आणि आवाजावरून रोग ओळखायचे. बाई म्हणून दारातून परत पाठवणारेही भेटले. दार उघडायचे आणि माझ्या खांद्यावरून मागे बघायचे. "सर येतायत का मागून?" "सर मीच," असं म्हणून मी आत शिरायचे.

हा हात माझ्या वडिलांचा. ते सातपूरला कारखान्यात फिटर होते. दसऱ्याला त्यांची हत्यारं रॉकेलनं पुसून, लखलखीत करून पाटावर मांडलेली असत. पाने, हातोडी, कानस, सगळ्यांना हळदीकुंकू, अक्षता, झेंडू. भावाची मोटारसायकलही दारात धुऊन उभी असे, हार घालून. मी धंदा सुरू केला त्या वर्षी माझा डिसमिसही त्या पाटावर ठेवला. स्क्रू ड्रायव्हरला आमच्याकडे डिसमिसच म्हणतात. लाल मुठीचा होता, माझ्या पहिल्या कमाईतून घेतलेला. वडिलांनी नारळाला जागा करताना तो उचलून बाजूला ठेवला. "हे काय हत्यार आहे? खेळणं आहे." रागानं नाही म्हणाले, सहज म्हणाले. आमच्या घरात वडिलांशी वाद घालून कुणी जिंकलेलं नाही. पुढच्या वर्षीपासून दसऱ्याला माझी कामाची पिशवी खुंटीवरच राहायला लागली. मला त्याचं काही वाटायचं नाही.

तर त्या वर्षीचा दसरा होऊन थोडे दिवस झाले होते. सकाळी मखमलाबादकडच्या एका मळ्यातून फोन आला. तिथली सून बोलत होती. तिला मी चांगली ओळखत होते, कारण तिचा जुना कॉम्प्युटर मीच जोडून दिलेला होता. झेंडू, शेवंती, मेथी, कोथिंबीर पिकवून बाजारात नेणारं घर. ही पोरगी लग्नाआधी शहरात टायपिंग आणि मांडणीचा क्लास करून आलेली. लग्नानंतर दोन वर्षं तिनं निमूटपणे जुड्या बांधल्या आणि मग नवऱ्याच्या मागे लागून हा कॉम्प्युटर आणि एक प्रिंटर घरात आणला. रविवार कारंजाजवळच्या एका प्रेसवाल्यानं तिला लग्नपत्रिका जुळवायचं काम दिलं होतं. घरी बसून पत्रिका मांडायची, छपाईसाठी बटर पेपरवर प्रिंट काढायची आणि नवरा सकाळी भाजी घेऊन बाजारात जाईल त्याच्याबरोबर पाठवायची. मराठी टायपिंग इतकं सफाईदार की मेथीच्या जुडीला गाठ मारावी तशी तिची बोटं चालायची.

फोनवर मात्र आवाज रडवेला होता. "ताई, आजच्या आज या. लाइट आली की लगेच चालू करते, पण हा उठता उठताच लाइट जायची वेळ होते. उठला तर मध्येच अडकून बसतो. तुळशीच्या लग्नानंतरच्या सगळ्या पत्रिका पडल्यात. आज संध्याकाळपर्यंत दिल्या नाहीत तर प्रेसवाले दुसऱ्याला देणार."

"देऊ की संध्याकाळपर्यंत. येते मी."

"आणि ताई," ती हळू बोलायला लागली, "हे म्हणतात, हा डबा चांदवडच्या मामेभावाला देऊन टाकू. त्याला दुकानात पाहिजेच आहे. एकदा गेला की पुन्हा काही यायचा नाही."

ते मात्र खरं होतं. शेतकऱ्याच्या घरातून गेलेली वस्तू परत येत नाही, तिच्या जागी क्रेट येतात.

दुपारी लाइट यायची होती, त्याआधी पोचावं म्हणून मी स्कुटी काढली. ऑक्टोबर छाटणीचे दिवस. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना द्राक्षांचे बाग बोडके करून ठेवलेले, आणि बायका काड्या गोळा करत होत्या. मळ्यात पोचले तर घराच्या उंबऱ्यात सासूबाई मेथीच्या जुड्या बांधत बसलेल्या. मी "काय मावशी, बरंय ना?" म्हटलं. एरवी बसा, चहा घ्या, पोरी उन्हाची आली, असं सगळं सुरू व्हायचं. आज त्यांनी नुसती मान हलवली आणि जुडीकडे बघत राहिल्या. सूनही कावरीबावरी, म्हणून मी म्हटलं घरात काही झालं असेल, आपल्याला काय करायचंय.

उंबऱ्याला लागून असलेली कॉम्प्युटरची खोली म्हणजे मुळात फुलांचे क्रेट ठेवायची खोली. एका भिंतीला क्रेट, एका भिंतीला टेबल. दारात नवरा उभा होता आणि त्यानं निदान करूनच ठेवलं होतं.

"मोटारीमुळे होतंय, ताई. विहिरीवरची मोटार लागली की बघा, बल्ब पिवळा पडतो. ह्याला बी करंट पुरत नाय."

"बघू," मी म्हटलं, पाणी प्यायले आणि माझा प्रश्न विचारला. "लाइट गेली तेव्हा काय करत होतात?"

"मी तर घरातच नव्हते," सून म्हणाली. "दसऱ्याच्या दिवसापासून हे सुरू झालं. मी आणि हे पहाटेच पंचवटीत गंगेवर फुलं विकायला गेलो. घाईत हा बंद करायचा राहून गेला. दुपारी कधीतरी लाइट गेली. संध्याकाळी आम्ही आलो, लाइट आल्यावर चालू केला, तर हा असा."

"घरात कोण होतं?"

"म्या काय नाय केलं," उंबऱ्यातून आवाज आला.

अजून मी त्यांना विचारलंही नव्हतं. पण सासूबाई कॉम्प्युटरच्या खोलीत पाऊलसुद्धा टाकत नाहीत, हे सुनेनंच मागे मला सांगितलं होतं, त्यामुळे मी ते सोडून दिलं.

लाइट आली. नवऱ्याला म्हटलं, मोटार बंद ठेवा. त्यानं ठेवली. माझा मीटर लावून बघितलं, व्होल्टेज झकास. कॉम्प्युटर चालू केला, निळा पडदा आला. सुनेचा हात सवयीनं बटणाकडे गेला, तो मी धरून ठेवला. "करू दे त्याला त्याचं काम." तपासणी पुरी झाली, डिस्क ठणठणीत. आतलं घड्याळ बघितलं. त्याची छोटी बॅटरी मेली की तारीख मागे जाते आणि दर वेळी मशीन अडून बसतं. तारीख बरोबर होती. म्हणजे आतापर्यंत मोटार, डिस्क, बॅटरी, तिघंही निर्दोष. रीतसर बंद केला, पुन्हा चालू केला.

या वेळी तो अडकला. निळा पडदाही नाही, काही नाही. काळ्या पडद्यावर दोन ओळी आणि ढिम्म.

नवरा म्हणाला, "बघा. आता हा असाच बसतो. मी म्हणतो तेच खरं, ह्याचं वय झालंय. चांदवडला तो घेतोय तोवर..."

"तुम्ही जरा गप्प बसता का?" मी म्हटलं. "मला ऐकू द्या."

मी मान वाकवून डब्याला कान लावला. कर्र... टक. कर्र... टक. हार्ड डिस्कचा आवाज मला झोपेतही ओळखता येतो, हा तो नव्हता. हा वरून येत होता, फ्लॉपीच्या फटीतून. तिच्याशेजारचा बारका हिरवा दिवा लागलेला होता आणि विझायचं नाव घेत नव्हता.

ज्यांनी फ्लॉपी बघितली नाही त्यांच्यासाठी सांगते. तेव्हा प्रत्येक डब्याच्या तोंडावर एक आडवी फट असे आणि तिच्यात चौकोनी, चपटी तबकडी सरकवायची. कॉम्प्युटर उठला की आधी त्या फटीत डोकावून बघायचा, काही ठेवलंय का. नसलं तर पुढे जायचा. हा मात्र डोकावायला गेला की त्याला काहीतरी आडवं येत होतं. पुन्हा जायचा, पुन्हा अडायचा. आपण सगळे मोटार आणि व्होल्टेज बघत बसलो होतो. रोग रेड्याला आणि औषध पखालीला.

"फ्लॉपी कधी वापरलीस?"

"कधीच नाही, ताई. माझं सगळं बटर पेपरवर जातं."

मग माझं लक्ष टेबलाच्या पायाकडे गेलं. काळ्या मुंग्यांची रांग टेबलाच्या पायावरून वर, तिथून डब्याच्या अंगावर आणि थेट त्या फटीत. शिस्तीत चालल्या होत्या, आठवडी बाजाराला निघाल्यासारख्या.

"इथे बसून काय खातेस तू?" मी आवाज चढवला.

"काही नाही, ताई. खरंच काही नाही. मी इथे पाण्याचा पेलासुद्धा आणत नाही, आईंची शपथ."

उंबऱ्यात मेथीची जुडी बांधायचा सरसर आवाज चालला होता, तो थांबला.

मी वायर काढली, झाकणाचे स्क्रू सोडायला घेतले. मी काम करत असताना सून शेजारी उकिडवी बसली आणि हळूच बोलायला लागली. ती मला सांगत नव्हती बहुतेक, स्वतःलाच सांगत होती. "दसऱ्याला आईंनी सगळ्याची पूजा केली, ताई. कुदळ, खुरपी, विळे, तराजू. फवारणीच्या पंपालासुद्धा कुंकू. मोटारीच्या पेटीला तर हार. मी संध्याकाळी येऊन बघितलं, तर याला एक पाकळी नाही. घरात फुलांचा ढीग पडलेला होता हो." ती हसून सांगत होती, पण डोळे भरून आले होते. "त्यांच्या लेखी हे कामच नाही. करमणूक आहे."

"पूजेनं कॉम्प्युटर चालत नसतो," मी फटकन म्हणाले आणि स्क्रू जरा जास्तच जोरात पिळला. खुंटीवरची माझी पिशवी डोळ्यापुढे आली होती, आणि मला ती यायला नको होती.

फ्लॉपीचा भाग बाहेर काढला. उलटा धरून त्यावर बोटानं टिचकी मारली. तळहातावर पडले तांदळाचे दाणे. लाल तांदूळ, कुंकवात भिजून वाळून कडक झालेले. त्यांच्याबरोबर साखरेचे थोडे कण, दोनचार मुंग्या, आणि अगदी शेवटी एक वाळलेली झेंडूची पाकळी.

माझं तोंड उघडलं होतं. माझ्या गिऱ्हाइकांना माहीत असलेलं, आता चार शब्द सुनावायला उघडलेलं तोंड. "काय नाय केलं" म्हणे! नजर उंबऱ्याकडे गेली. सासूबाई अर्धवट उठून उभ्या होत्या, एक हात दाराच्या चौकटीला, दुसऱ्या हातात मेथी. चेहरा पार उतरलेला. त्या बाईंनी इतके दिवस हे पोटात ठेवलेलं होतं, हे मला एका नजरेत कळलं.

सुनेला अजून काही दिसलं नव्हतं. मी मूठ मिटली. लाइटमुळे पार्ट गेला, एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. लाइटच्या नावावर तेव्हा काय खपत नव्हतं? म्हातारीची अब्रू राहिली असती, नवऱ्याच्या हाती कोलीत मिळालं नसतं, आणि मशीन तर मी चालू करणारच होते. दुसरं कुठलं घर असतं तर मी तसंच केलं असतं. पण मुठीत ती पाकळी होती, आणि एक पाकळी नाही म्हणून ही पोरगी आत्ताच माझ्यासमोर डोळे भरून बसली होती.

"हात पुढे कर," मी तिला म्हटलं आणि सगळं तिच्या तळहातावर ओतलं.

ती बघत राहिली. आधी तिला समजेना. मग तिनं पाकळी बोटानं जराशी हलवली आणि मान वर केली.

"आई?"

"म्या सांगणारच हुते गं," सासूबाई आत आल्या. त्या खोलीत यायची त्यांना सवय नसावी, कारण क्रेट चुकवत चुकवत आल्या. "सगळ्यांची पूजा झाली, याचीच राह्यली हुती. पर लाइट व्हती ना. करंट मारंल म्हनून हात लावायचं भ्या वाटं. दुपारपस्तोर वाट बघत बसले, कव्हा जाती म्हनून. गेली तव्हा आले."

त्या काळात अख्ख्या नाशिक जिल्ह्यात लाइट जायची वाट बघणारं हे एकच माणूस असावं.

"मग मला दिसलं कसं नाही काही?"

"तू म्हनती ना, वलं लावू नका, धूळ नको, कचरा नको. म्हनून कुकू लावलं अन् पदरानं पुसून घेतलं. फुलं वाहिली, ती बी पुन्यांदा काढून घेतली, तू वरडशील म्हनून. पर निवद तर दावावा लागतो, बाई. आता याचं तोंड कुठलं, ते काय कळंना. मंग ही फट घावली. म्हटलं, हेच आसंल. चार दाणे अक्षता अन् चिमटभर साखर. तोंड गोड केलं." इथे त्यांचा आवाज फुटला. "अन् त्या रातीपासून ते बंद पडाया लागलं. माझ्या जिवाचं पानी पानी झालं. म्हटलं, पोरीचं काम गेलं माझ्यापायी."

"अगं आई!" दारातून नवरा म्हणाला. तो हसत होता की वैतागला होता, त्याचं त्यालाच कळत नसावं.

सून उठली. तळहातावरचं काही सांडू न देता उठली. "मला वाटलं, तुम्ही याला कामात धरतच नाही."

"धरत नाय?" सासूबाईंना आता तिचाच राग आला. डोळे पुसता पुसता त्या तिच्यावर डाफरल्या. "घरात राबतंय ना ते? तुझ्याबरुबर दिसभर राबतंय. राबतं त्याची पूजा करावी. एवढं बी समजत नाय व्हय मला?"

सुनेनं त्यांच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि रडली. हसतही होती. मी त्या दोघींकडे पाठ करून डब्यात हात घातला, कारण कुणीतरी काम करायला हवं होतं आणि लाइटचा काही भरवसा नव्हता.

काम उरलं होतं ते किरकोळ. या घरात फ्लॉपी कुणी वापरणार नव्हतं. मी तिची वायर सोडून टाकली आणि कॉम्प्युटरला सांगून ठेवलं, बाबा, यापुढे तिकडे डोकावू नकोस. मुंग्या झटकल्या, झाकण लावलं, बटण दाबलं. टीक करून आवाज आला आणि तो सरळ उठला. कर्र नाही, टक नाही. नवरा पुढे होऊन बघायला लागला. मी त्याला म्हटलं, "आता मोटार लावा तुमची." त्यानं लावली. बल्ब पिवळा पडला, कॉम्प्युटर जागचा हलला नाही.

सून हातातलं सगळं टेबलावर ठेवून खुर्चीत बसली. पदर खोचून, नाक ओढत, पहिली पत्रिका तिनं मांडायला घेतली. वर गणपती, खाली मंडळी, कोपऱ्यात आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं. प्रिंटर घरघरायला लागला. सासूबाई तिच्या मागे उभ्या राहून प्रत्येक कागद बाहेर येताना बघत होत्या, भाकरी फुगताना बघावी तशा. थोड्या वेळानं नवरा म्हणाला, "मी प्रेसवर नेऊन देतो हे. अन् येताना चांदवडला फोन लावतो."

"कशाला?" सून पडद्यावरची नजर न काढता म्हणाली.

"दुसरं बघ म्हणून सांगायला."

मी मीटर गुंडाळला, पिशवी भरायला लागले. सासूबाई आत गेल्या होत्या, त्या हळदीकुंकवाचं ताट घेऊन आल्या. घरी आलेल्या बाईला तशी पाठवायची नाही, ही त्यांची रीत. त्यांनी मला कुंकू लावलं. मी वाकले, तर त्यांचं लक्ष माझ्या हातातल्या डिसमिसकडे गेलं. लाल मूठ झिजून गुळगुळीत झालेली होती.

"यानंच काढलं ना ते समदं?"

"हो."

"तुझं हत्यार हाय हे."

मी तो पिशवीत टाकायला गेले.

"यंदा पूजा झाली का याची?"

"काही नाही हो, मावशी," मी म्हणाले. "त्याचं काही नाही."

ते माझ्या तोंडून निघालं आणि माझं मलाच ऐकू आलं. आयुष्यभर लोकांच्या ज्या उत्तरावर मी कधी विश्वास ठेवला नव्हता तेच. सासूबाईंनीही ठेवला नाही. माझ्याकडे एकदा नीट बघून त्यांनी माझ्या हातातून डिसमिस काढून घेतला, शेजारचा क्रेट पालथा घातला, त्यावर ठेवला. हळद लावली. कुंकू लावलं. अक्षता टाकल्या. सुनेच्या टेबलावरची ती वाळलेली पाकळीही उचलून त्याच्यावर ठेवली, कारण दुसरं फूल हाताशी नव्हतं. दसरा तर कधीच होऊन गेला होता, पण ते त्यांच्या गावीही नव्हतं. मग साखरेची चिमूट बोटात धरून त्या थांबल्या.

"याचं तोंड कुठलं, पोरी?"

मला एकदम रडू कोसळलं. गिऱ्हाइकाच्या घरात, कामाच्या वेळी, असं मी कधी केलं नव्हतं. डोळे पुसत पुसत मी डिसमिसचं टोक त्यांच्याकडे वळवलं.

"हे," मी म्हटलं.